काच पुसणारा हात

(पावसात चालणाऱ्या प्रत्येक गाडीच्या समोरच्या काचेवर वायपर हलताना दिसतो. तो कसा हलतो, कसा थांबतो, मध्येच थांबून पुन्हा कसा चालू होतो आणि काचेवर पाणी कसे उडवले जाते, याची माहिती या पाठात दिली आहे. पाठ वाचल्यावर एखाद्या गाडीचा वायपर लक्षपूर्वक पाहा.)

पावसाळ्यात तुम्ही एस. टी. ने किंवा मोटारगाडीने प्रवास केला असेल. बाहेर पावसाच्या सरी कोसळत असतात. समोरच्या काचेवर पाण्याचा थर पसरतो. रस्ता, झाडे, समोरून येणारी वाहने, सारे काही पुसट दिसू लागते. तेवढ्यात चालक स्टिअरिंगजवळचा एक खटका ओढतो. काचेवर दोन काळे हात उठतात, एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातात आणि परत येतात. काच स्वच्छ होते. रस्ता पुन्हा दिसू लागतो. या साधनाला वायपर म्हणतात.

वायपर दिसायला अगदी साधा आहे. एक दांडा आणि त्याला लावलेली रबराची पट्टी. पण तो नसेल तर काय होईल? एक छोटासा हिशोब करून पाहू. समजा, गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर आहे. म्हणजे ती ३,६०० सेकंदांत ६०,००० मीटर जाते. एका सेकंदात ती जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. चालकाला फक्त तीन सेकंद समोरचे दिसले नाही, तर तेवढ्या वेळात गाडी ५० मीटर अंतर आंधळेपणाने पार करते. या ५० मीटरमध्ये एखादा बंद पडलेला ट्रक उभा असू शकतो. एखादे मूल रस्ता ओलांडत असू शकते. म्हणूनच वायपर ही चैनीची वस्तू नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटारगाडीला चांगल्या स्थितीतील आणि यंत्रशक्तीने चालणारा वायपर असणे बंधनकारक आहे.

वायपरचा जन्म

वायपरची गोष्ट अमेरिकेत सुरू होते. १९०३ च्या सुमाराची ही हकीकत आहे. अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन या बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. तेथे त्या ट्रामगाडीत बसल्या. बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता. काचेवर बर्फ साचल्यामुळे ट्रामच्या चालकाला समोरचे दिसेना. त्याने समोरची काच उघडली. त्याला रस्ता दिसू लागला, पण बोचरा वारा आणि बर्फ आत येऊ लागला. चालकही कुडकुडला आणि प्रवासीही कुडकुडले.

हे दृश्य इतरांनीही पाहिले असेल. मेरी अँडरसन यांनी मात्र त्यावर विचार केला. काच न उघडता, आतूनच ती पुसता आली तर? त्यांनी एका हाताची कल्पना मांडली. त्याला रबराची पट्टी लावलेली होती. चालकाने आतून दांडी फिरवली की बाहेरचा हात काचेवरून फिरत असे. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे शोधावरील संशोधकाचा कायदेशीर हक्क. १९०५ साली त्यांनी हा हक्क विकण्याचा प्रयत्न केला. पण कॅनडातील एका कंपनीने, या वस्तूला बाजारात फारशी किंमत येणार नाही, असे सांगून नकार दिला. पेटंटची मुदत संपली. पुढे जगभर वायपर आले, पण मेरी अँडरसन यांना त्यातून पैसा मिळाला नाही. १९५३ साली त्यांचे निधन झाले. २०११ साली अमेरिकेतील संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मान-यादीत त्यांचे नाव घेण्यात आले.

सुरुवातीचे वायपर हाताने चालवावे लागत. एका हाताने स्टिअरिंग धरायचे आणि दुसऱ्या हाताने काच पुसायची, हे काम सोपे नव्हते. त्यानंतर इंजिनात निर्माण होणाऱ्या निर्वाताच्या ओढीवर चालणारे वायपर आले. त्यांच्यात एक मोठा दोष होता. गाडी चढ चढू लागली आणि इंजिनावर ताण आला की ही ओढ कमी होई आणि वायपर मंद पडे. म्हणजे ज्या वेळी वायपरची जास्त गरज असे, नेमका त्याच वेळी तो अंग चोरत असे. १९२६ साली जर्मनीतील बॉश कंपनीने विजेच्या मोटारीवर चालणारा वायपर आणला. आज आपण पाहतो ते वायपर विजेवरच चालतात.

हात हलतो कसा?

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. मराठीत आपण गाडीलाही मोटार म्हणतो. या पाठात यापुढे मोटार म्हणजे विजेवर फिरणारे छोटे यंत्र समजावे.

मोटारगाडीच्या बॉनेटखाली, काचेच्या पायथ्याशी वायपरची मोटार बसवलेली असते. बहुतेक मोटारगाड्यांत ती १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मोटारीचा आस फार वेगाने फिरतो. मिनिटाला दोन-तीन हजार फेरे तो सहज घेतो. वायपर इतक्या वेगाने हलला तर काचही फुटेल आणि दांडाही मोडेल. म्हणून आधी वेग कमी करावा लागतो.

त्यासाठी मोटारीच्या आसाला स्क्रूसारखे आटे पाडलेले असतात. या आट्यांत एक मोठे दातेरी चाक गुंतलेले असते. आस अनेक वेळा फिरतो तेव्हा कोठे हे चाक एकदा फिरते. वेग सुमारे ५० पट कमी होतो. पण वेग कमी झाला की जोर वाढतो. म्हणूनच एवढीशी मोटार दोन लांब हात पाणी भरलेल्या काचेवरून ओढू शकते.

आता दुसरा प्रश्न. चाक तर गोल फिरते. मग हात पुढे-मागे कसा होतो? शिलाई मशीन आठवा. पायाने पायटा पुढे-मागे हलतो आणि चाक गोल फिरते. दोघांना जोडणारी एक दांडी मध्ये असते. वायपरमध्ये याच्या उलट घडते. दातेरी चाकाला एक दांडी जोडलेली असते. चाक गोल फिरते आणि दांडी पुढे-मागे सरकते. ही दांडी दोन्ही हातांना एकदम हलवते.

हाताच्या बुडाशी एक स्प्रिंग असते. ती रबराची पट्टी काचेवर दाबून धरते. ही पट्टी टोकाशी फार पातळ असते. हात एका दिशेने जाताना तिची कड मागे झुकते आणि परत येताना दुसऱ्या बाजूला झुकते. शांत जागी ऐकले तर हा बदल होताना बारीक आवाजही ऐकू येतो.

जोराच्या पावसात वायपर जलद चालवावा लागतो. त्यासाठी मोटारीला वीज पुरवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची रचना वेगळी असते. असे तीन तुकडे असतात. एक दोन्ही वेगांसाठी, एक मंद वेगासाठी आणि एक जलद वेगासाठी. मंद वेगात हात मिनिटाला सुमारे ४५ वेळा जातो-येतो. जलद वेगात ही संख्या साठीच्या वर जाते.

योग्य जागी थांबणे

तुम्ही कधी एक गोष्ट पाहिली आहे का? वायपर काचेच्या मध्यावर असताना चालकाने खटका बंद केला, तरी वायपर तेथेच थांबत नाही. तो आपली फेरी पूर्ण करतो, खाली येतो आणि मगच थांबतो. विजेचा पंखा बंद केला तर पाती कोठेही थांबतात. मग वायपरला आपली जागा कशी कळते?

याचे रहस्य त्या दातेरी चाकात आहे. चाकावर तांब्याची एक चकती बसवलेली असते. चकतीला एका ठिकाणी खाच असते. तिच्यावर धातूची एक पट्टी टेकलेली असते. चालकाने खटका बंद केला तरी, पट्टी चकतीवर टेकलेली असेपर्यंत मोटारीला या दुसऱ्या वाटेने वीज मिळत राहते. हात काचेच्या तळाशी आले की पट्टी खाचेवर येते. विजेची ही वाटही बंद होते.

पण फिरती वस्तू लगेच थांबत नाही, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. मोटार थोडी पुढे फिरली तर हात पुन्हा वर जाईल. म्हणून त्याच क्षणी मोटारीची दोन्ही टोके एकमेकांना जोडली जातात. फिरणारी मोटार तेव्हा थोडा वेळ जनित्रासारखी वागते, म्हणजे स्वतःच वीज निर्माण करते. ही वीज तिच्याच फिरण्याला विरोध करते आणि मोटार जागच्या जागी थांबते. या रचनेला पार्क स्विच असे नाव आहे.

थोडे थांबून पुन्हा चालणे

जोराच्या पावसात वायपर सतत चालणे योग्यच आहे. पण रिमझिम पावसात काय होते? एका फेरीत काच कोरडी होते. दुसऱ्या फेरीला पुसायला पाणीच उरत नाही. कोरड्या काचेवर रबर घासले जाते. करकर आवाज होतो. रबर झिजते, काचेवर ओरखडे पडतात आणि चालकाचे लक्षही विचलित होते. अशा वेळी चालक वायपर बंद करतो, थेंब साचले की चालू करतो, पुन्हा बंद करतो. त्याचा एक हात सारखा खटक्यावर राहतो.

अमेरिकेतील रॉबर्ट कर्न्स यांनी या प्रश्नावर विचार केला. ते डेट्रॉइट शहरातील वेन स्टेट विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवत. १९५३ साली एका अपघातात त्यांच्या डाव्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती. पावसात गाडी चालवताना वायपरच्या सततच्या हालचालीचा त्यांना त्रास होई. त्यांच्या मनात विचार आला, आपल्या डोळ्याची पापणी सतत हलत नाही. ती काही सेकंदांनी एकदा लवते, डोळा स्वच्छ करते आणि थांबते. मग वायपरही असाच का चालू नये?

त्यांनी रोध, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर हे तीन भाग जोडून एक विद्युत मंडल तयार केले. हे मंडल कसे काम करते ते समजण्यासाठी नळाखाली ठेवलेली बादली डोळ्यांसमोर आणा. नळ थोडा उघडला तर बादली हळूहळू भरते. नळ जास्त उघडला तर ती लवकर भरते. येथे बादली म्हणजे कपॅसिटर, पाणी म्हणजे विद्युत प्रभार आणि नळ म्हणजे रोध. आता क्रम पाहा.

१. चालक खटका ‘थांबून चालणे’ या जागी ठेवतो. बॅटरीतील विद्युत प्रभार रोधातून हळूहळू कपॅसिटरमध्ये साठू लागतो. या वेळी वायपर थांबलेला असतो.

२. कपॅसिटरमधील विद्युत दाब एका ठराविक मर्यादेपर्यंत वाढला की ट्रान्झिस्टर विजेची वाट मोकळी करतो.

३. त्यामुळे रिले नावाचा विद्युत खटका ओढला जातो आणि मोटार सुरू होते. वायपर एक फेरी मारतो. पार्क स्विच त्याला तळाशी आणून थांबवतो.

४. दरम्यान कपॅसिटर रिकामा होतो. तो पुन्हा भरू लागतो आणि हाच क्रम पुन्हा घडतो.

दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ जाईल? रोध आणि कपॅसिटरची धारिता यांचा गुणाकार केला की त्याचा अंदाज येतो. रोध ५०,००० ओहम आणि धारिता १०० मायक्रोफॅरड असेल, तर हा गुणाकार ५ सेकंद येतो. तेवढ्या वेळात कपॅसिटरमधील दाब बॅटरीच्या दाबाच्या सुमारे ६३ टक्के होतो. रोध दुप्पट केला तर वेळही दुप्पट, म्हणजे १० सेकंद होतो. चालक खटक्यावरील कडी फिरवून वायपरचा वेळ कमी-जास्त करतो, तेव्हा अशा रचनेत तो खरे पाहता रोध कमी-जास्त करत असतो. आजच्या अनेक गाड्यांत वेळ मोजण्याचे हे काम एक छोटी इलेक्ट्रॉनिक चिप करते. काही गाड्यांत वेग वाढला की ही चिप थांबण्याचा वेळ आपोआप कमी करते.

कर्न्स यांनी १९६३ साली आपला वायपर फोर्ड कंपनीच्या अभियंत्यांना दाखवला. १९६४ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६७ साली त्यांना पेटंट मिळाले. १९६९ साली फोर्ड कंपनीने थांबून चालणारे वायपर आपल्या गाड्यांवर बसवण्यास सुरुवात केली. मात्र कर्न्स यांच्याशी करार झाला नव्हता. १९७८ साली कर्न्स न्यायालयात गेले. कंपनीचे म्हणणे असे होते, की या मंडलातील सर्व भाग आधीपासूनच माहीत आहेत, मग त्यात नवीन ते काय? कर्न्स यांचे म्हणणे होते, की या भागांची अशी जोडणी आधी कोणी केली नव्हती.

मुलांनो, तुम्हीच विचार करा. तांदूळ, मीठ आणि मसाला प्रत्येक घरात असतो. म्हणून नव्या पदार्थाची कृती शोधणाऱ्याने काहीच केले नाही, असे म्हणता येईल का? १९९० साली न्यायालयातील पंचांनी कर्न्स यांचा हक्क मान्य केला. कंपनीने जाणूनबुजून हे केले नाही, असेही पंचांनी नोंदवले. शेवटी तडजोड झाली आणि कर्न्स यांना १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. क्रायस्लर या दुसऱ्या कंपनीविरुद्धच्या खटल्याचा निकालही १९९२ साली त्यांच्याच बाजूने लागला. पण हा लढा देता देता त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे निघून गेली. २००५ साली त्यांचे निधन झाले.

काच धुणारे पाणी

वायपरला पाणी लागते. पाऊस नसताना काचेवर धूळ, चिखल किंवा किडे चिकटले तर नुसता वायपर चालवून उपयोग नाही. कोरडी धूळ रबराखाली सापडली तर ती काचेवर काचकागदासारखी घासते. म्हणून गाडीत काच धुण्याची सोय केलेली असते. तिला वॉशर म्हणतात.

वॉशरमध्ये प्लॅस्टिकची एक टाकी असते. लहान गाडीत तिच्यात साधारण दोन-तीन लिटर पाणी मावते. टाकीला एक छोटा विजेचा पंप जोडलेला असतो. चालकाने खटका आपल्याकडे ओढला की पंपातील चाक वेगाने फिरते आणि पाणी रबरी नळीत ढकलते. नळीच्या टोकाला बारीक छिद्रांची तोटी असते. छिद्र लहान असल्यामुळे पाण्याची धार जोराने काचेवर जाते. अनेक गाड्यांत नळीमध्ये एक छोटी झडप असते. ती पाण्याला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. त्यामुळे नळी भरलेली राहते आणि पुढच्या वेळी धार लगेच सुरू होते.

येथेही इलेक्ट्रॉनिक मंडल कामाला येते. खटका ओढताच आधी पाणी उडते आणि मग वायपर हलतो. चालकाने खटका सोडला की पाणी बंद होते, पण वायपर लगेच थांबत नाही. तो आणखी दोन-तीन फेऱ्या मारतो, उरलेले पाणी पुसतो आणि आपल्या जागी जातो. आधी भिजवणे, मग पुसणे, शेवटी कोरडे करणे. घरात फरशी पुसतानाही आपण हाच क्रम पाळतो.

पाऊस ओळखणारी काच

आजच्या काही गाड्यांत चालकाला खटकाही ओढावा लागत नाही. पाऊस सुरू झाला की वायपर आपोआप चालू होतो. हे कसे घडते?

या गाड्यांत आतल्या आरशाच्या मागे, काचेला चिकटून एक संवेदक बसवलेला असतो. तो काचेत तिरके अवरक्त किरण सोडतो. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ते सुमारे ४५ अंशांचा कोन करून पोहोचतात. काच आणि हवा यांच्यासाठी क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश आहे. ४५ हा कोन त्यापेक्षा मोठा आहे. म्हणून काच कोरडी असताना किरणांचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते आणि ते सारे संवेदकाकडे परत येतात.

आता काचेवर थेंब पडला. काच आणि पाणी यांच्यासाठी क्रांतिक कोन सुमारे ६२ अंश आहे. ४५ हा कोन त्यापेक्षा लहान आहे. म्हणून थेंब पडलेल्या जागी बरेचसे किरण पाण्यातून बाहेर निघून जातात. परत येणारा प्रकाश कमी होतो. प्रकाश जितका कमी, तितका पाऊस जास्त, असा हिशोब करून चिप वायपरचा वेग ठरवते. विज्ञानाच्या पुस्तकातील परावर्तनाचा धडा असा काचेवर कामाला लागतो.

वायपरची निगा

यंत्र कितीही हुशार असले, तरी शेवटी काचेला भिडते ती रबराची साधी पट्टी. ती खराब असेल तर मोटार, चिप आणि संवेदक यांचा काहीच उपयोग नाही. आपल्या महाराष्ट्रात पावसाळ्यानंतर कितीतरी महिने वायपरला फारसे काम नसते. उन्हाळ्यात तो कडक उन्हात तापतो. रबर ताठर होते, त्याला चिरा पडतात. जून महिन्यात पहिला पाऊस येतो, तेव्हा असा वायपर काच पुसण्याऐवजी तिच्यावर पाण्याच्या रेघा ओढतो. रात्री समोरच्या गाडीचे दिवे या रेघांवर पडले की डोळे दिपतात. घाटात धुके आणि पाऊस एकत्र असतील तर हा निष्काळजीपणा जिवावर बेततो.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पावसाळ्यापूर्वी रबराच्या पट्ट्या तपासाव्यात आणि खराब झाल्या असतील तर बदलाव्यात. अधूनमधून ओल्या फडक्याने पट्टीची कड पुसावी. कोरड्या काचेवर वायपर चालवू नये. वॉशरच्या टाकीत स्वच्छ पाणी भरलेले असावे. टाकी रिकामी असताना पंप चालवू नये. वायपर अडकला असेल तर खटका लगेच बंद करावा, नाहीतर मोटार जळू शकते. उचललेला हात काचेवर सोडून देऊ नये, त्यामुळे काचेला तडा जातो. काचेच्या आतल्या बाजूला साचलेली वाफ मात्र वायपर पुसू शकत नाही. त्यासाठी गाडीतील हवेचा झोत काचेवर सोडावा लागतो. आणि एवढे करूनही पावसात नीट दिसत नसेल, तर गाडीचा वेग कमी करावा किंवा ती रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबवावी.

वायपरने केव्हा चालावे आणि केव्हा थांबावे हे मंडल ठरवते. गाडीने केव्हा थांबावे हे मात्र चालकानेच ठरवायचे असते. उद्या तुम्हीही गाडी चालवाल. तेव्हा गाडी सुरू करण्यापूर्वी समोरची काच आणि तिच्यावरचे हे दोन काळे हात एकदा अवश्य तपासून पाहा.

शब्दार्थ

पुसट – अस्पष्ट, धुंधला
वेग – गती, रफ्तार
बंधनकारक – पाळलाच पाहिजे असा, लाजमी
शोध – नवी निर्मिती, ईजाद
संशोधक – शोध लावणारा, मूजिद
निर्वात – जेथे हवा नाही अशी पोकळी
थेंब – कतरा
ओरखडा – खराश
पापणी लवणे – पलक झपकणे
खटला – मुकदमा
निगा – काळजी, देखभाल
निष्काळजीपणा – लापरवाही

वाक्प्रचार

अंग चोरणे – काम करण्याचे टाळणे
जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे
डोळे दिपणे – तीव्र प्रकाशामुळे दिसेनासे होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत किती अंतर जाते?
(आ) मेरी अँडरसन यांना पेटंट केव्हा मिळाले?
(इ) पेटंट म्हणजे काय?
(ई) रॉबर्ट कर्न्स यांना पापणीवरून कोणती कल्पना सुचली?
(उ) वॉशरच्या नळीतील झडपेचे काम काय असते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) मोटारीचा वेग कमी करून मग वायपर हलवावा लागतो.
(आ) खटका बंद केल्यावरही वायपर लगेच थांबत नाही.
(इ) रिमझिम पावसात वायपर सतत चालवणे योग्य नाही.
(ई) काचेवर थेंब पडला की संवेदकाकडे परत येणारा प्रकाश कमी होतो.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) थांबून चालणाऱ्या वायपरचे मंडल कसे काम करते? बादलीच्या उदाहरणाने समजावून सांगा.
(आ) कर्न्स आणि कंपनी यांच्या वादात तुम्हाला कोणाचे म्हणणे पटते? का?

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(रोध, स्प्रिंग, पार्क स्विच, पंप)
(अ) रबराची पट्टी काचेवर दाबून धरण्याचे काम ______ करते.
(आ) टाकीतील पाणी नळीत ढकलण्याचे काम ______ करतो.
(इ) ______ दुप्पट केला की थांबण्याचा वेळ दुप्पट होतो.
(ई) वायपरला काचेच्या तळाशी ______ थांबवतो.

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
अंग चोरणे, जिवावर बेतणे, डोळे दिपणे

प्र. ६. ‘जर – तर’ वापरून दोन वाक्ये एकत्र करा.
(अ) नळ जास्त उघडला. बादली लवकर भरते.
(आ) वायपर अडकला. खटका बंद करावा.

उपक्रम

उभ्या असलेल्या गाडीचा वायपर मालकाच्या परवानगीने आणि मोठ्या माणसांसमोर पाहा. आधी काचेवर पाणी उडवण्यास सांगा. मग घड्याळ लावून मंद आणि जलद वेगात वायपर एका मिनिटात किती वेळा जातो-येतो ते मोजा. काच कोरडी होऊ लागली की पुन्हा पाणी उडवण्यास सांगा. वायपर मध्यावर असताना खटका बंद केल्यास काय होते ते पाहा. तुमची निरीक्षणे मराठीत आठ-दहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.